कासवाची गोधडी

कतारला थंडी पडते असं मी फोनवर सांगितलं की नाशिकला माझी थोरली जाऊ हसायची. वाळवंटात कसली आलीय थंडी, तुमचं आपलं काहीतरीच, असं तिचं ठरलेलं. पहिली काही वर्षं मीही तिच्याच पक्षात होते. गोदेकाठच्या डिसेंबरात पहाटे अंघोळ करून शाळेत गेलेली बाई मी, मला दोह्याच्या जानेवारीत शाल काढायची म्हणजे लाज वाटायची. पण माणसाचं शालीवर भागतं. कासवाचं भागत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

कासव माझं नव्हतं, हे आधीच सांगते. मला प्राणी पाळायची हौस नाही, कधी नव्हती. दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागात आम्ही ज्या व्हिलात राहायचो, तिच्या आत मालकाने भिंती घालून पाच बिऱ्हाडं बसवली होती. आमच्या भिंतीपलीकडे रत्नागिरीचं एक मुसलमान जोडपं होतं. मी तिला भाभी म्हणायचे, ती मला ताई, आणि मोठं कोण हे दोघींनी कधी विचारलं नाही. मधली भिंत एवढी पातळ की तिने भाकरी थापली तरी मला ऐकू यायची आणि मी शिंकले की तिच्याकडून आल्याचा चहा यायचा. परमुलखात याच्याहून जास्त नातं काय लागतं?

कासव भाभीचं. लग्नानंतर ती पहिल्यांदा इथे आली तेव्हा नवरा दिवसभर मेसईदच्या कारखान्यात, ही खोलीत एकटी. म्हणून त्याने बाजारातून तळहातावर मावेल एवढं कासव आणून दिलं होतं. मी पाहिलं तेव्हा ते परातीएवढं झालं होतं आणि उचलायला दोन माणसं लागायची. लहान होतं तोवर हिवाळ्यात ती त्याला स्वयंपाकघरात गॅसच्या कडेला ठेवायची. आता ते आमच्या सामाईक अंगणात एका लाकडी खोक्यात राहायचं. सकाळी बाहेर यायचं, उन्हात पाय पसरून पडायचं, आणि मी वाळत घातलेल्या साडीचा पदर खाली लोंबला तर तो चावायचं. मी त्याला मनसोक्त शिव्या द्यायचे. भाभी म्हणायची, शिव्यांनी वाढतंय ते.

फुटबॉलच्या वर्ल्ड कपला अजून तीनेक हिवाळे बाकी होते. सगळं शहर खणून ठेवलेलं. आज ज्या रस्त्याने बाजारात गेलो तो उद्या बंद. विमानं भरभरून माणसं कामाला येत होती आणि त्याच दिवसांत भाभीच्या नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. खलास, एका शब्दात. त्यांनी घर आवरलं, भांडी वाटली, पण कासव काही विमानात बसवता येत नाही. भाभी त्याला घेऊन माझ्या दारात आली, म्हणजे तिच्या नवऱ्याने आणि माझ्या नवऱ्याने ते दोन्हीकडून धरून आणलं, आणि ती मागून गोधडी घेऊन आली. तिच्या जुन्या ओढण्या आणि नवऱ्याच्या लुंग्यांची, हाताने टाके घातलेली गोधडी. वर्ल्ड कपच्या आत नवा व्हिसा होणार, इन्शाल्ला, तोवर ताई तू सांभाळ, असं म्हणाली. मी नको म्हणणार होते. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, ही म्हण जिभेवर आलीसुद्धा होती. तेवढ्यात ती म्हणाली, "ते हाय तोवर माझं घर हाय इथं."

मी गोधडी हातात घेतली.

मग डिसेंबर आला. तोवर आमच्या दक्षिणेच्या बाजूला, नुसता मोकळा प्लॉट होता तिथे, हॉटेल उभं राहिलं होतं. वर्ल्ड कपच्या पाहुण्यांसाठी. हिवाळ्यातला सूर्य तसाही खालून चालतो, तो या इमारतीआड जायला लागला. जे अंगण सकाळपासून दुपारपर्यंत उन्हाने भरलेलं असायचं, त्यात आता शाळेच्या मधल्या सुट्टीएवढं ऊन यायचं. त्या वेळी मी एका शाळेच्या ऑफिसात बसलेली असायचे आणि नवरा साइटवर. तक्रार कुणाकडे करायची? आमचं ऊन परत द्या म्हणून?

मी काय करायचे, तर सकाळी निघण्याआधी खोक्यात वाकून कासवावर गोधडी घालायचे. नुसती घालायचे नाही, चारी बाजूंनी खोचायचे, तान्ह्या पोराला दुपट्यात बांधावं तशी. परत येऊन बघावं तर ते तसंच असायचं, हललेलंही नाही. मला वाटायचं, बरं झालं, उबेत गाढ झोपलंय. दर शुक्रवारी भाभीचा व्हिडिओ कॉल यायचा. मी फोन खोक्यात धरायचे आणि तिला गोधडी दिसली की तिचा चेहरा खुलायचा. व्हिसाचं काय विचारलं की म्हणायची, एजंट म्हणतो होईल.

जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला. इथे त्याला शमाल म्हणतात. खोक्याच्या फटींतून शिट्ट्या वाजायच्या. कासवाने खाणं सोडलं. माझा पदर त्याच्या तोंडाशी नेला तरी डोळा उघडेना, तेव्हा मी घाबरले. नाकाशी बारीक बुडबुडे दिसले. आम्ही त्याला गाडीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. लेबनॉनकडच्या होत्या, गोड बोलणाऱ्या. त्यांनी पुढच्या पायात इंजेक्शन दिलं आणि सांगितलं की छातीत कफ आहे, पण हे थंड रक्ताचं जनावर, अंग तापल्याशिवाय औषध लागू पडणार नाही. आधी गरम करा, मग मी काय ते करते.

गरम करा! आता माझ्या नवऱ्याविषयी सांगायला हवं. त्याचं काम अल रय्यानच्या बाजूला एका स्टेडियमचं कूलिंग. वरून उघड्या असलेल्या मैदानात गार हवा सोडायची आणि ती तिथेच टिकवायची, हे तो आल्यागेल्याला भात गार होईपर्यंत समजावून सांगायचा. अशा माणसाला एक खोकं गरम करायला काय लागतं, असं मला वाटलं. मी तसं बोललेही, जरा टोचूनच. तो म्हणाला, गार करणं वेगळं. मी म्हटलं, उलटं कर ना मग.

कासव घरात घेऊन पाहिलं. पण दोह्यातली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, हिवाळ्यात फरशी बर्फासारखी, आणि आमच्या तिन्ही एसींना एकच विद्या येत होती, गार करायची. गुळगुळीत टाइल्सवर कासवाचे पाय चहूकडे फाकायचे आणि ते पोटावर पडून राहायचं. बघवेना. नवऱ्याने मग खोकंच सुधारायचं ठरवलं. आतून थर्माकोल लावला, दाराला रबरी पडदा केला, फार्मसीतून कंबर शेकायचा लाल दिवा आणला आणि तो छताला टांगला. खरं सांगते, छान केलं होतं. लाल उजेडात कासव देवघरातल्यासारखं दिसत होतं. मी त्याच्यावर गोधडी घातली आणि चारी बाजूंनी खोचली.

दोन दिवसांनी तो साइटवरून थर्मामीटर घेऊन आला, तार लावलेला, त्यांच्या कामाचा. एक टोक दिव्याखाली धरलं, दुसरं गोधडीच्या आत, कासवाच्या पाठीवर. मग बराच वेळ आकड्याकडे बघत उकिडवा बसला. मी विचारलं, काय झालं? तो हळू म्हणाला, "गोधडी ऊब देत नाही गं. आपलीच ऊब आपल्याला परत देते. याच्याकडे स्वतःची आहे कुठे?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. जन्मापासून मी गोधडीला ऊबदार म्हणत आले. माझी आई म्हणायची, तिची आई म्हणायची. ऊबदार म्हणजे जिच्यात ऊब आहे ती, असंच आम्हा सगळ्यांना वाटायचं. कुणाच्या डोक्यात येणार की ती ऊब आमच्याच अंगाची होती? ज्याच्या अंगात रात्रीची थंडी भरलेली, त्याची मी रोज सकाळी थंडीच खोचून ठेवत होते. ते घटकाभराचं ऊन अंगणात येत असेल, खोक्याच्या दारातून आतही जात असेल, आणि गोधडीवरून परत फिरत असेल. आता दिव्याचंही तेच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

गोधडी काढली. धुऊन तारेवर घातली. त्या शुक्रवारी भाभीने पहिल्यांदा तेच पाहिलं. गोधडी बाहेर का, तिने विचारलं. मी म्हटलं, मळली होती, धुतली. नवरा बाजूलाच उभा होता, त्याने माझ्याकडे पाहिलं. फोन ठेवल्यावर म्हणाला, खरं सांगायला हवं होतंस, त्यात चूक कुणाची नाही. मी त्याला म्हटलं, तू तुझं स्टेडियम बघ. तिने स्वतःच्या ओढण्या फाडून शिवलेली वस्तू आहे, ती त्याला गारठवत होती हे मी तिला समुद्रापलीकडून सांगू? मी आजही सांगणार नाही.

दिवा तापत होता. दोन दिवसांत कासवाने मान बाहेर काढली, पाण्यात तोंड बुडवलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून वेड्यासारखे हसलो. पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. पाच बिऱ्हाडांचा मीटर एकच. इथे उन्हाळ्यात गीझर कुणी लावत नाही, टाकीचंच पाणी उकळत असतं, पण हिवाळ्यात पहाटे सगळे एकदम लावतात. अंगणाची लाइन त्यातच जोडलेली. भार वाढला की ती तेवढी पडायची आणि दिवा विझायचा, नेमका सगळ्यांत गारठ्याच्या वेळी. नवऱ्याने आमच्या घरातून वायर ओढून पाहिली, तर गीझरच्या वेळी आमचीही लाइन पडायला लागली. मेन स्विच मालकाच्या नातूरच्या खोलीत, म्हणजे राखणदाराच्या, आणि तो कुलूप लावून पहाटेच्या नमाजाला गेलेला. मी दारोदार जाऊन सांगितलं, जरा मागेपुढे गीझर लावा. कुणी नाही म्हणालं नाही. पण कुणाची बस मेसईदची, कुणाची पोरं शाळेला, सगळ्यांना एकाच वेळी अंघोळ करायची होती. मालकाला फोन केला. तो म्हणाला, इन्शाल्ला, बघतो. इन्शाल्ला दोन प्रकारचे असतात, एक मनापासूनचा आणि एक वाटेला लावायचा. हा दुसरा होता.

बादलीत गरम पाणी भरून खोक्यात ठेवलं, बाटल्या भरून त्याच्या दोन्ही अंगांना लावल्या. बाटल्या गार व्हायच्या, मी परत भरायचे. डॉक्टरीणबाई आणखी इंजेक्शनं देत राहिल्या. मला इतका राग यायचा की सांगता येत नाही. पण रागवायचं कुणावर? हॉटेलवर? वाऱ्यावर? शेजारणीच्या गीझरवर? समोर एक जनावर श्वास घेताना शिट्टी वाजवतंय आणि आपल्या हातात बाटल्या. आपण काही करतोय असं वाटावं म्हणून माणूस करत राहतो.

एका गुरुवारी मी शाळेतून आले तर वारा थांबला होता. दिवा चालू होता, सगळं खोकं छान तापलं होतं. आत हात घालून मी त्याच्या पाठीला लावला, पाठही गरम लागली आणि मला आनंद झाला. मग मान पाहिली. ती बाहेर आलेली होती आणि जमिनीवर टेकली होती. पाठ दिव्याने गरम झालेली होती, बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, नवऱ्याने रस्त्याच्या कामावरच्या माणसांकडून पहार मागून आणली. अंगणात भाभीनेच लावलेला कढीपत्ता होता, त्याच्या बाजूला खणलं. खाली सगळा दगड, त्याला फार वेळ लागला. खड्डा झाला तेव्हा तो उठला, तारेवरची गोधडी घेऊन आला आणि कासवाभोवती गुंडाळायला लागला. चारी बाजूंनी खोचली त्याने, अगदी माझ्यासारखी. थर्मामीटर कुठे आहे असं मी विचारलं नाही.

दुपारी जुम्म्याची नमाज झाल्यावर नेहमीसारखा भाभीचा फोन आला. मी व्हिडिओ बंद ठेवला, तेव्हाच ती समजली असावी. मी एका वाक्यात सांगितलं, जास्त जमलं नाही. ती रडली नाही. तिच्याकडे कुठेतरी कोंबडा आरवत होता. व्हिसाचं ती बोलली नाही, मीही विचारलं नाही. मग तिने विचारलं, "गोधडी होती ना अंगावर?"

"होती," मी म्हणाले.

"मग थंडी नसंल वाजली त्याला."

"नाही," मी म्हणाले, "नसेल वाजली."