शेवटचा हातोडा

‘ल फानाल’ म्हणजे कंदील. पॅरिसचं हे राजकीय दैनिक नावाला जागलं खरं, धूर फार आणि उजेड बेताचा. रोज सकाळी मंत्र्यांना शिव्या घालायच्या, हे त्याचं व्रत. जर्मनांच्या अमलात ते चोरून छापलं गेलं, तेव्हाही मेलं नाही. पुढे घरोघरी टीव्ही आले, मंत्र्यांची भांडणं लोक फुकटात बघू लागले, आणि कंदिलातलं तेल सरत गेलं.

फिर्मँ कूर्ताद तिथे छपाईसाठी शिशाचे खिळे जुळवायचा. बायको नाही, पोर नाही. काय गणगोत असेल ते छापखान्यातच.

छापखान्याची एक रीत होती. कोणी निवृत्त होऊन निघाला की सगळ्यांनी हातोडे, चिमटे, हाताला येईल ते घेऊन लोखंडी टेबलं बडवायची, कान किटेपर्यंत. जाणाऱ्याने टोपी काढून, आवाज थांबेस्तोवर गप्प उभं राहायचं. प्रत्येकाच्या वेळी पहिला घाव फिर्मँचा.

“तुझ्या वेळी छप्परच खाली आणतो बघ,” त्याचा जोडीदार मार्सो म्हणायचा.

“आण की! पण आधी मला बाहेर पडू दे, गाढवा.”

वरवर हसायचा, पण फिर्मँ त्या दिवसावर डोळे लावून बसला होता. आयुष्यात त्याच्यासाठी दुसरा कुठला गाजावाजा व्हायचा होता?

त्याची पाळी वसंतात होती. कंदील हिवाळ्यातच विझला. शेवटचा अंक छापून झाला आणि सगळे मुकाट्याने हात धुवायला लागले. बडवायचं असतं मागे राहणाऱ्यांनी. आज मागे कोणीच राहत नव्हतं.

“येतो रे,” मार्सो नजर चुकवून म्हणाला.

फिर्मँने आपला हातोडा कोटात घातला आणि तो घरी आला.

मार्सो लेकीकडे ब्रतान्यला गेला, बाकीचे पांगले. फिर्मँ सवयीने रोज पेपरच्या टपरीपर्यंत जायचा आणि रिकाम्या हाताने परतायचा. दुसरा पेपर घेणं त्याला व्यभिचारासारखं वाटे. सूपसुद्धा तो उभ्याउभ्याच पिई. एकटेपणाने त्याला पुरतं पोखरलं होतं.

वसंतातला तो दिवस उजाडला. दुपारी फिर्मँने धुतलेला शर्ट घातला, टोपी चढवली आणि खिडकीखालच्या, गरम पाण्याच्या नळावर चालणाऱ्या लोखंडी हीटरवर हातोडा दाणकन हाणला. एकट्याचा तो आवाज ऐकून त्याची त्यालाच लाज वाटली. तरी तो बडवत राहिला.

खालच्या मजल्यावरच्या मादाम ब्रुसूने झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. “अहो म्हातारबुवा! डोकं फिरलं का काय तुमचं?”

शेजारच्याने भिंतीवर बुक्के मारले. वरचा संतापून नळ बडवू लागला. तोच नळ साऱ्या इमारतीतून फिरलेला, त्यामुळे घराघरातून जो तो चिडून आपापल्या हीटरवर हाणायला लागला. नुसता दणदणाट!

फिर्मँने हातोडा खाली ठेवला. डोक्यावरची टोपी काढून तो खोलीच्या मधोमध उभा राहिला, आणि आवाज थांबेस्तोवर एक शब्द बोलला नाही.