आधी पाया, मग हात

रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा होय. आमच्या नर्सिंग कॉलेजच्या दर्शनी भिंतीवर हे वाक्य सोनेरी अक्षरांत आहे. त्या जागी पंखा असल्यामुळे दुपारी आमचे शिपाई त्याच्याखालीच झोपतात. दरवर्षी नव्या मुली मेणबत्त्या धरून शपथ घेतात, तेव्हा कुणी पाहुणे या वाक्यावर पाऊण तास बोलतात. मुलींचं सगळं लक्ष हातावर मेण गळू नये याकडे असतं.

त्यातली एक पालमजवळच्या खेड्यातून आलेली होती. शाळा मराठीतली, पुस्तकं इंग्रजी, तरी पाठांतर पक्कं. हातही स्थिर. पण इंजेक्शनच्या सराव परीक्षेत मी तिला नापास केलं होतं. हात स्वच्छ धुऊन ती रुग्णाजवळ जायची, वाकून त्याच्या पायांना हात लावायची आणि त्याच हातांनी सुई उचलायची.

"हे काय?" मी विचारलं.

"मॅडम, म्हाताऱ्या माणसाला टोचायलोय आपण. आदी माफी मागितली की बरं वाटतंय."

"आणि पायाची घाण सुईला लागली तर?"

"ते ध्यानातच राहत न्हाई बघा."

यावर पुस्तकात काही नव्हतं. रुग्णाबद्दल आदर बाळगावा असं मीच वर्गात फळ्यावर लिहिलं होतं. अंतिम परीक्षेत हीच चूक झाली असती तर बाहेरून येणाऱ्या परीक्षक बाईंनी तिला सोडलं नसतं. यंदा राहिली तर घरी बसायचं, असं तिच्या थोरल्या भावानं सांगून ठेवलं होतं. स्थळही बघायला लागले होते.

शेवटी मी तिला पाया पडणं सोडायला सांगितलं नाही. क्रम बदलून दिला. आधी पाया, मग हात. पंधरा दिवस ती माझ्याच पाया पडून, हात धुऊन, मोसंबीला सुई टोचत होती. इतका नमस्कार मला आयुष्यात कुणी केला नसेल. मला त्याची थोडी सवयही लागली होती.

परीक्षेला तिच्या वाट्याला मानवतकडचे एक आजोबा आले. शेजारी स्टुलावर त्यांची बायको. मुलगी आजोबांच्या पाया पडली, नळावर जाऊन नीट हात धुतले, सुई भरली. परीक्षक बाई घड्याळाकडे बघत उभ्या. मी श्वास सोडणार एवढ्यात आजी म्हणाल्या, "त्यांच्या पडलीस, माझ्या न्हाई? मी काय लहान हाय का, माय?"

मुलीची पाठ वाकायला लागलेली मी स्पष्ट पाहिली. मला बोलायची परवानगी नव्हती.

अर्ध्यातच ती थांबली. "आजी, आदी सुई होऊ द्या. मग तुमच्याच पडते."

"बरं, बरं. त्यांना दुखवू नको."

"कशाचं दुखतंय," आजोबा म्हणाले, तेव्हा सुई बाहेर आलेली होती. मग ती आजींच्या पाया पडली आणि कुणी न सांगता पुन्हा नळाकडे गेली.

ती पास झाली. परीक्षक बाईंनी शेऱ्याच्या रकान्यात एवढंच लिहिलं होतं: नखे वाढलेली आहेत.