पाण्याआधीचा कौल

गुरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला सगळे ‘पारा’ म्हणत. खिशात पेनाच्या जागी थर्मामीटर, तोही जनावरांचा. शाळेत माझ्या वर्गात होता तेव्हा उभं राहून वाचायला सांगितलं तरी त्याला घाम फुटायचा. अशा माणसाला एकदा साठ जणांत बोलावं लागलं, आणि तेही थोरल्या बहिणीपुढे.

अक्काचा नातू दुखण्यातून उठला होता, त्याच्या नवसाचा बोकड दारात बांधलेला. रीत अशी की पाठीवर पाणी शिंपडायचं; त्यानं अंग झाडलं की देवाचा कौल मिळाला, मग सुरी. पण तांब्या अजून अक्काच्या हातातच होता आणि बोकड थरथरू लागला.

“पाण्याआधीच कौल!” दाजी ओरडले. “देवालाही भूक लागली बरं का!”

सगळे हसले. पारा हसला नाही. बोकड सकाळपासून उन्हात, तहानलेला. पण ही थरथर उन्हाची नव्हे. आठवड्यापूर्वीच पलीकडच्या वस्तीत दोन शेळ्या उभ्याउभ्या कोसळल्या होत्या. तो बोकडाच्या शेपटीशी बसला.

“जिभेखाली धर रे, तिकडे काय शोधतोस?” कुणीतरी म्हणालं.

“एकशे सात,” पारा म्हणाला. “दाजी, कापू नका. काळपुळी वाटते. याच्या रक्तातून ती माणसांना लागेल.”

“वाटते?” अक्का कडाडली. “तुझ्या वाटण्यापायी नवस मोडू? पोराला परत काही झालं तर?”

खाटीक पुढे सरकला. पारा मध्ये उभा राहिला. कपाळावरून घाम ओघळत होता.

“अक्का, कान फाटलेला बोकड तू परत पाठवलास. मग तापानं फणफणलेला देवाला चालतो?”

अक्कानं बोकडाकडे पाहिलं. मग तिनं तांब्या खाली ठेवला. “पाणी पाज त्याला,” एवढंच म्हणाली.

बोकडानं पाण्याला तोंड लावलं नाही. तासाभरात तो आडवा झाला. नाकातून आलेलं काळपट रक्त गोठेचना.

पारानं कुणाला हात लावू दिला नाही. खोल खड्ड्यात चुना ओतताना दाजी हळूच म्हणाले, “साठ पानं वाढली असती रे.”

पारानं थर्मामीटरही त्याच खड्ड्यात टाकला.

नवस कसा फेडला, हे मी अक्काला कधी विचारलं नाही. पाराच्या खिशात मात्र दुसऱ्या दिवशी नवा थर्मामीटर होता. तो अक्कानं आणून दिला होता.