मोगऱ्याच्या अलीकडची खुंटी

ती खुंटी मी हलवली होती. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही... बायकोला नाही, ऑफिसात नाही आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या हरेश्वरलाही नाही. गेल्या महिन्यात सकाळीच सुमनवहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मला सगळ्यात आधी आठवली ती खुंटी. रडू नंतर आलं.

हरेश्वर आर्किटेक्ट होता. वसईजवळच्या होळी गावात त्याच्या घरची वाडी, केळी, भाजी आणि थोडी फुलं. मी मूळचा कोकणातला, विरारला मनवेलपाड्याच्या चाळीत वाढलेला. नव्वदच्या दशकात मुंबईतल्या एका फर्ममध्ये आम्ही एकाच टेबलाला आलो, तो वरिष्ठ, मी त्याच्या हाताखाली. ऑफिसांचे उंच टॉवर हे आमचं काम. तेव्हा नवी काच आली होती आणि जो तो आधी बाहेरचा चेहरा काढायचा. हरेश्वर आतून सुरुवात करायचा. लिफ्ट कुठे, जिना कुठे, शिपाई डबा कुठे खाणार, झाडूवाल्या बाईने बादली कुठे ठेवायची. हे सगळं बसल्याशिवाय तो खिडकीची एक रेघ मारत नसे. क्लायंट चिडायचे, साहेब वैतागायचे, हा पेन्सिलीला टोक करत शांत बसायचा.

त्याची एक पद्धत होती आणि तिच्यावरून ऑफिसात बरीच थट्टा चालायची. टॉवरचा मजला कागदावर बसला की रविवारी तो तेवढ्याच मापाचा मजला घरच्या वाडीत आखायचा. पीक निघालेल्या तुकड्यात खुंट्या ठोकायच्या आणि काथ्याची दोरी ताणायची. दोरी म्हणजे भिंत, केळीचा खुंट पुरला की झाला कॉलम. मग घरची, शेजारची माणसं तो नोकरीला लावायचा. धाकटा भाऊ मॅनेजर, शेजारचे काका लिफ्टमन, पाटावर बसलेली त्याची आई रिसेप्शनला. सगळ्यांनी एकदम ऑफिस सुटल्यासारखं लिफ्टकडे निघायचं. कोण कुठे अडतंय, कुणाला उजेड मिळत नाही, हे तो बांधावर बसून बघायचा. आई मध्येच विचारायची, "साहेब, सुटी कवा? भात चुलीवर हाय माजा." तो गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "आय, जनरल मॅनेजरला विचार." जनरल मॅनेजर म्हणजे सुमनवहिनी. हशा चालू असतानाच तो उठून एखादी खुंटी वीतभर सरकवायचा आणि सगळ्यांना पुन्हा चालायला लावायचा. चालणाऱ्यांच्या अंगाला पटलं की मी टेप लावून माप घ्यायचं, तेच माप सोमवारी ड्रॉइंगवर चढायचं. माझं माप त्याने कधी पुन्हा तपासलं नाही.

आमच्या सर्वांत मोठ्या टॉवरचा मजला आखला त्या दिवशी लिफ्टची लॉबी अरुंद वाटत होती. समोरासमोर लिफ्टच्या दोन ओळी, दोन्हीकडची दारं उघडली की माणसं एकमेकांवर येत होती. हरेश्वर म्हणाला, पलीकडची ओळ हातभर मागे घे, मग झालं. माणसं जेवायला पांगली, तोही हात धुवायला विहिरीवर गेला. मी खुंटी उपटून मागे नेली, तर तिथे वहिनींनी नुकतीच लावलेली मोगऱ्याची रोपं. तिथेच ठोकायची तर दोन-तीन रोपं जाणार होती. मी खुंटी जुन्याच जागी परत ठोकली, माप लिहिताना हातभर वाढवू असं ठरवून. वहिनी ओटीवरून बघत होत्या, हसल्या. मग जेवणं झाली, गप्पा रंगल्या... संध्याकाळी मी टेप लावला आणि जे आलं ते लिहिलं. हातभर वाढवायचं राहून गेलं.

काँक्रीट बरंच वर गेल्यावर ते उघडकीला आलं. डेव्हलपरचे साहेब साइटवर त्या लॉबीत उभे राहिले आणि विचारू लागले, दोन्हीकडच्या लिफ्ट एकदम उघडल्या तर माणसांनी जायचं कुठे? लिफ्टच्या भिंती मजल्यामागून मजला तशाच चढलेल्या, आता काही हलणार नव्हतं. मीटिंग बसली. ड्रॉइंग उलगडताच मला मोगरा दिसला. वाडीतल्या मापांचा विषय निघाला तेव्हा ते साहेब म्हणाले, "ये टॉवर है, सब्जी का खेत नहीं." सगळे हसले. मीही हसलो. हरेश्वरने कुणाकडे पाहिलं नाही. म्हणाला, "माप माझ्या वाडीत झालंय. चूक माझी." मी पाण्याचा ग्लास फिरवत राहिलो. माझं लग्न ठरलं होतं, घर घ्यायचं होतं... अशी कारणं त्या क्षणी फार मोठी वाटतात.

त्याला नोकरी सोडावी लागली. त्याची खुर्ची मला मिळाली, पुढचे टॉवर मी केले आणि दोरीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. त्या टॉवरमध्ये कामानिमित्त गेलो तर मी आजही जिन्याने चढतो. हरेश्वरने वसईत छोटं ऑफिस थाटलं, विरारच्या सोसायट्या केल्या. बोळिंजला मी राहतो ती इमारत त्याचीच, घर तिथेच घे म्हणून मागे लागला होता. बिल्डरशी भांडून त्याने प्रत्येक मजल्यावर लिफ्टसमोर ऐसपैस जागा सोडली आणि तिला खिडकी दिली. तिथे म्हातारे पेपर वाचतात, बायका वाल सोलत बसतात. शेजारच्या आजोबांना स्ट्रेचरवरून नेलं तेव्हा त्यांना कुठेही तिरपं करावं लागलं नाही. मी दार उघडतो तेव्हा रोज आधी ती जागा समोर येते.

दिवसकार्य झाल्यावर होळीला गेलो. ओटीवर खिळ्याला काथ्याच्या दोरीचं वेटोळं तसंच होतं. मोगरा आता कमरेएवढा झालाय. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं मन मला तेव्हाच कळलं होतं. नोकरी सुटली त्या दिवशी हे इथे मोगऱ्यापाशी बसून राहिलेले. मन दुसरीकडे लागावं म्हणून मी सांगितलं, तुमच्या मित्राने ही रोपं वाचवली हो, खुंटी इथे आणली आणि परत जुन्याच जागी नेऊन ठोकली."

"मग? काय म्हणाला?"

"काही नाही. आळ्यातली माती हाताने सारखी केली. मग म्हणाले, चांगला आहे गं तो. आणि झाडांना पाणी घालायला लागले."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. एवढी वर्षं आम्ही एकत्र चहा प्यायलो, माझ्या घराच्या भिंती त्याने स्वतः उभं राहून करून घेतल्या, आणि त्याला ठाऊक होतं. त्या खुंटीपायीच नोकरी गेली हे वहिनींना अजूनही माहीत नाही. त्यांनी निघताना माझ्या हातात ओंजळभर मोगरा दिला, मी तो घेतला आणि उठलो.

हा लेख छापून येण्याआधी होळीला जाऊन, त्या ओटीवर बसून, त्यांच्या नवऱ्याचं माप बरोबर होतं हे मला वहिनींना माझ्या तोंडाने सांगायचं आहे. ते अजून बाकी आहे.