नामपूरच्या फायलीतला शेरा

मी नामपूरच्या दीडशे फायलींची डोकी उडवली. मूळ प्रती न ठेवता, चहा पीत पीत.

भूतबित मी मानत नाही, हे आधीच सांगतो. सोसायटीची लिफ्ट आपोआप वर गेली की शेजारचे काका रामनाम घेतात, मी मेकॅनिकला फोन करतो. तरी हे लिहितोय... कारण घरी ऐकायला कुणी नाही, आणि ऑफिसात सांगण्यासारखं तर मुळीच नाही.

आमचं काम साधं. कांद्याच्या चाळीत यंत्र टांगायचं, ते दर तासाला तापमान नोंदवतं. पण नुसते आकडे मुके असतात. म्हणून प्रत्येक फाईलच्या डोक्यावर सात ओळी लिहायच्या — ठिकाण, यंत्र कुठे टांगलंय, एकक कोणतं, नोंद हुकली तर कोणता आकडा टाकलाय वगैरे, आणि शेवटी ‘शेरा’. नामपूरच्या ओळी लिहायचे एक निवृत्त मास्तर, चाळ त्यांचीच. दर आठवड्याला ते मेमरी कार्ड एसटीने पाठवायचे. मी फाईल उतरवून घ्यायचो, कार्ड पुसायचो, परत धाडायचो. तीन वर्षं! शेरा एकदाही वाचला नाही.

आलेख काढणारा प्रोग्राम त्या सात ओळींवर अडखळायचा, म्हणून मी त्या सरसकट कापल्या. आलेख झकास आला. फक्त एका दिवशी तापमान दोन अंशांनी खाली बसलं, ते पुन्हा वर आलंच नाही.

“यंत्र हलवलं होतं का तिथे?” आमच्या ऑफिसच्या मॅडमनी विचारलं. “शेऱ्यात बघा.”

“बघतो, मॅडम.”

“सोमवारपर्यंत. कारण नाही मिळालं तर नामपूर पूर्ण बाद.”

मास्तरांना विचारावं, तर ते दिवाळीआधीच वारले होते. म्हणजे त्यांची तीन वर्षं माझ्या एका कप चहापायी बाद.

रविवारी गंगापूर रोडच्या ऑफिसात मी एकटाच होतो. तसे माझे सगळेच रविवार एकट्याचे, पण त्या दिवशी पंख्याचा आवाजसुद्धा सोबतीला बरा वाटत होता. दुपारी एकला कुलूप लावून मिसळ खायला गेलो. किल्ली खिशात. दोनला परतलो, तर स्क्रीनवर नेमकी तापमान घसरलेल्या आठवड्याची फाईल उघडी... आणि वर सात ओळी! शेवटची अशी —

‘यंत्र उत्तरेच्या भिंतीला हलविले. जुन्या जागी चिमणीने घरटे केले आहे. आपण एकदा येऊन जावे.’

फाईल बदलल्याची वेळ एक वाजून चाळीस मिनिटं. तेव्हा मी दुसरा पाव मागत होतो.

“कोणी आलं होतं का वर?” मी वॉचमनला विचारलं.

“कोण येणार साहेब? रविवारी तुमच्याशिवाय येतं कोण?”

एका कॉम्प्युटरवाल्या मित्राचं मत — तूच टाइप केलंस आणि विसरलास. असेलही, मी स्वतःचा वाढदिवस विसरतो. पण जे कधी वाचलंच नाही, ते विसरणार कसं?

खात्री न करता मॅडमना काय दाखवणार? सोमवारी पहाटेची एसटी धरून मी पहिल्यांदाच नामपूरला गेलो. मास्तरांच्या पत्नी चाळीत घेऊन गेल्या. यंत्र उत्तरेच्या भिंतीला होतं. समोरच्या वाशावर जुना खिळा, आणि त्याला धरून वाळक्या काड्यांचं घरटं. मी फोटो मॅडमना पाठवला. नामपूर वाचलं.

त्या ओळी कुणी लिहिल्या, ते मला आजही कळलेलं नाही.

“दर शनवारी लिहायचे,” काकू म्हणाल्या. “पोरं दोन्ही पुण्याला. बोलणार कुणाशी? म्हणायचे, नाशिकचे साहेब वाचतात.”

मला राहवलं नाही. कापलेल्या ओळी, कुलूप, उघडी फाईल, सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता काकू हात जोडतील, निदान डोळ्यांना पदर लावतील. त्यांनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं आणि म्हणाल्या, “माणूस जिता होता तवा डोळे फुटले होते का रे तुझे?”