आमच्या घरचा शॉर्टस्टॉप

नवरा रिटायर झाला आणि आपल्या घरात माणसांपेक्षा खोल्या जास्त आहेत, हे आम्हाला एकदमच दिसायला लागलं. मुलगी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला, तिचं सामान मात्र इकडे मिशिगनमध्ये, नोव्हायला. अशात नवऱ्यानं कुठेतरी वाचलं की जवळच्या एका छोट्या बेसबॉल टीमला, खेळाडूंना उन्हाळाभर ठेवून घेणारी घरं हवी आहेत. ही इकडची जुनी रीत. छोट्या लीगमधल्या पोरांचा पगार असा, की भाडं भरलं तर खायचं काय. मग आसपासची कुटुंबं एकेकाला घरात घेतात. आपल्याकडे पूर्वी वार लावून जेवणारी मुलं असायची, तसंच काहीसं. फक्त इथे सातही वार एकाच घरी.

मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, आर यू सीरियस? यू डोन्ट इव्हन वॉच बेसबॉल!"

खरंच होतं. मी जन्मभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासलं. चेंडूशी माझा संबंध शून्य. नवरा मात्र पुण्यात कॉलेजकडून क्रिकेट खेळलेला, आणि त्याच्या मते चेंडू तो चेंडू.

मे महिन्यात एक उंच, सडपातळ, उन्हानं लाल झालेला तरुण दोन बॅगा घेऊन दारात उभा राहिला. ओहायोतल्या एका छोट्या गावचा. त्याचे वडील घरांची छपरं घालण्याचा धंदा करत. कॉलेज झाल्यावर याला एका मोठ्या क्लबनं घेतलं होतं. मग त्यांनी ठरवलं की याचा हात शॉर्टस्टॉपला पुरेसा नाही, याला मागे आउटफील्डला पाठवू. तिथे याचा जीव रमेना, खेळ बिघडला, आणि त्यांनी सोडून दिलं. आमच्या इथली लीग कुठल्याच मोठ्या क्लबची नव्हती. इथे सोडून दिलेली पोरं खेळतात आणि एखाद्या स्काउटनं, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्या माणसानं, आपल्याला पाहावं म्हणून वाट बघतात. वडिलांनी त्याला सांगून ठेवलं होतं, हा एवढा उन्हाळा. नाहीतर सप्टेंबरपासून माझ्याबरोबर छपरावर.

"शॉर्टस्टॉप म्हणजे नक्की काय रे?" मी पहिल्याच जेवणाला इंग्रजीत विचारलं.

त्यानं टेबलावर मीठ, मिरपूड आणि लोणच्याची बरणी मांडून बेस दाखवले. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा त्याची. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात जोरकस चेंडू तिथेच येतात, आणि ते अडवून, मारणारा धावत पोचायच्या आत थेट पहिल्या बेसपर्यंत फेकायचे असतात.

"म्हणजे आपला कव्हर पॉइंट," नवरा मला मराठीत म्हणाला. त्यानंतर त्याला हा खेळ पूर्ण कळला असंच तो वागू लागला.

पोरगा आठवड्याभरात रुळला. घरी येणारे आमचे मित्र जे म्हणतात ते ऐकून तोही काका, काकू म्हणायला लागला. थालीपीठ त्याला इतकं आवडलं की लोण्याचा डबा मला लपवावा लागे. त्याचे कपडे म्हणजे शिक्षाच होती. शॉर्टस्टॉप रोज त्या तांबड्या मातीत लोळतो आणि माझं वॉशिंग मशीन रोज ती माती पिऊन बसतं. मी बडबडायची, तो ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच यायचा. खरं सांगते, मला मजा येत होती. घरात कुणावर तरी ओरडायला मिळणं हे मोठं सुख आहे.

सकाळी दोघं मागच्या पार्कमध्ये जात. नवरा आपल्या जुन्या क्रिकेटच्या बॅटनं त्याला सरपटी चेंडू मारून द्यायचा, आणि तो कधी डावीकडे, कधी उलट्या हातानं उजवीकडे ते उचलत राहायचा. दर रविवारी मात्र वडिलांचा फोन आला की घर जरा शांत व्हायचं. दोन मिनिटांचं बोलणं. फोन ठेवल्यावर तो ग्लव्ह घेऊन उगाच तेल लावत बसे.

जुलैच्या शेवटी एका शनिवारी सकाळी तो पोहे खाता खाता म्हणाला, "काकू, आज स्काउट येतोय. मला बघायला."

झालं! नवऱ्यानं इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या झाडून सगळ्या मित्रांना फोन केले. दुपारच्या मॅचला आम्ही डावीकडच्या कडेला, अगदी पहिल्या रांगेत, बुटक्या भिंतीला गुडघे टेकतील अशा जागा पकडल्या. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी होती, म्हणून चिवडा माझ्या पर्समध्ये. कॅप, काळा चष्मा आणि हातात वही घेतलेला स्काउट होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या, मागे बसला होता. मंडळाचा नियम जाहीर झाला, आपला पोरगा खेळत असताना कुणी जागेवरून हलायचं नाही.

तिसऱ्या इनिंगला पोरानं असा काही फटका मारला की चेंडू डावीकडची रेघ धरून आमच्याच दिशेनं सरपटत आला. आम्ही सगळे ओरडत होतो. पोरगा पहिला बेस ओलांडून, दुसरा ओलांडून तिसऱ्याकडे सुसाट निघाला होता. चेंडू भिंतीला लागून आमच्यासमोर घरंगळत होता, आणि नवऱ्यानं वाकून, एका हातानं, अगदी स्वच्छ तो उचलला आणि समोरून धावत येणाऱ्या खेळाडूकडे अदबीनं फेकला. सीमारेषेजवळ आलेला चेंडू परत द्यायचा, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. तो अजून सीमेच्या आत आहे, हे बघणार कोण?

अंपायरनं दोन्ही हात वर केले. खेळ थांबला. प्रेक्षकानं चालू चेंडूला हात लावला, म्हणून तिसऱ्या बेसवर पोचलेल्या आमच्या पोराला परत दुसऱ्यावर उभं केलं. सगळं स्टेडियम आमच्याकडे बघून हुर्यो करायला लागलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दोन सुरक्षारक्षक आले आणि नवऱ्याला अतिशय सभ्यपणे बाहेर घेऊन गेले. तो जाता जाता त्यांना नियम विचारत होता.

"वहिनी, तुम्ही जा ना त्याच्याबरोबर," एक मित्र कुजबुजला.

"मी त्यांना ओळखत नाही," मी म्हटलं आणि पर्समधला चिवडा काढला.

सातव्या इनिंगला समोरच्या फलंदाजानं तिसऱ्या बेसच्या बाजूला, पार खोलात चेंडू मारला. पोरगा झेपावला, उलट्या हातानं तो घेतला, आणि हवेतच वळून पहिल्या बेसला फेकला. फलंदाज आउट. मी नियम मोडून उभी राहिले. पण स्काउट वहीत काहीतरी खरडून, कुणाशी न बोलता आठव्या इनिंगलाच निघून गेला.

नवरा पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभा होता. "एवढा आरडाओरडा कशाला झाला?" त्यानं विचारलं. मी ती झेप माझ्या साडेपाच फुटी देहानं करून दाखवायचा प्रयत्न केला. त्याला हसू आलं नाही.

"मी पोराचा एक बेस घालवला गं," तो म्हणाला.

पोरगा घरी आल्यावर हसत म्हणाला, "काका, यू हॅव ग्रेट हँड्स!" पण पुढचे काही दिवस नवऱ्यानं पार्कात जाणंच बंद केलं. मीही देवाशी भांडत होते. एक मन म्हणायचं, याची निवड होऊ दे. दुसरं म्हणायचं, हा गेला की या खोलीत पुन्हा मुलीची खोकीच उरणार.

मग एका सकाळी, चहा उकळत असताना, पोराचा फोन वाजला. टीमचा मॅनेजर होता. पोरगा नुसतं "येस सर, येस सर" म्हणत खुर्चीत बसत गेला. एका मोठ्या क्लबनं त्याचा करार विकत घेतला होता. त्याच दिवशी निघायचं होतं.

नवऱ्यानं त्याला मिठी मारली ती सोडेचना. म्हणून पोराच्या फोनवरून वडिलांचा नंबर मीच लावला आणि फोन टेबलावर स्पीकरवर ठेवला. पलीकडे छपरावर ठोकणाऱ्या हातोड्यांचा आवाज येत होता. त्यानं बातमी सांगितली.

वडील म्हणाले, "कुठे खेळवणार? आउटफील्डला?"

"नाही, डॅड. शॉर्टला."

तिकडचे हातोडे थांबले.

"थांब," वडील म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "आधी मला खाली उतरू दे. इथून मला नीट दिसत नाहीये."

आम्ही तिघं टेबलाभोवती उभे राहून, ते एकेक पायरी शिडी उतरत होते, ते ऐकत राहिलो.