बॅटरीची सायकल आणि मोठं वळण

फणस खाताना आठळ्या कुणी मोजत नाही. कोपऱ्यात टाकतात आणि विसरतात. मग एखाद्या दिवशी चुलीत भाजायला घेतल्या की कळतं, अगं बाई, पाटीभर साठल्या की! किस्स्यांचं तसंच असतं. आमच्या घरी बॅटरीची सायकल महिनाभर राहायला आली, आणि महिना संपला तेव्हा माझी पाटी भरून वाहत होती. मला लिहायला-वाचायला येत नाही, त्यामुळं विसरायची सोय नाही. नातीला म्हटलं, मी सांगते, तू लिही, मधे शहाणपणा करू नको.

आधी कोण कोण ते सांगते. आमचं घर गणेशगुडीहून जोयड्याला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. माझी सून रेणुका मला आत्ती म्हणते. ती वरच्या वाडीतल्या अंगणवाडीत बाई आहे. घरापासून सहा किलोमीटर, आणि मधे घाट. त्या घाटातलं मोठं वळण म्हणजे बैलालाही घाम फोडणारं. रेणुका रोज चालत जायची, चालत यायची. बस एक आहे, पण ती पोहोचते तेव्हा पोरं जेवून झोपलेली असतात!

तिला टायफॉइड झाला आणि सगळं बसलं. दोन महिने अंथरूण. आधी अंग वाळलं, मग नुसतं बसून बसून फुगलं. चार पायऱ्या चढली की दम. अंगणवाड्या तपासणाऱ्या मोठ्या मॅडमचा निरोप आला, "पुढचा महिनाभर रोज हजर राहिलीस तर बरं. न्हाईतर दुसरी बाई बघायला लागंल." बारा वर्षं त्या वाडीतली पोरं तिनं वाढवलेली. निरोप ऐकून ती तांदूळ निवडत बसली. निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत होती.

डॉक्टर म्हणाला, "हातपाय हलव, पर छाती फुटेस्तवर न्हाई." आता आमच्या घाटात ह्या दोन्हींच्या मधलं काही नाहीच!

०००

माझा मुलगा म्हादू गोव्यात कामाला. फोनवरनं म्हणाला, "स्कूटर घे."

रेणुका म्हणाली, "बसूनच जायचं तर घरात बसलेली काय वाईट हाय? डाक्टरनं हातपाय हलवायला सांगितल्यात."

"मग साधी सायकल घे."

"मोठ्या वळणावर माझी तिरडी न्ह्यायला तुमी येणार काय?"

म्हादूनं फोन ठेवला. अशा वेळी गोव्यात रेंज लगेच जाते.

मग मी माझ्या भाच्याला, किरणला सांगितलं. भावाचा मुलगा. त्याचं रामनगरात सायकलचं दुकान आहे. तो तिसऱ्या दिवशी, आमच्या रस्त्यावर माणसं ने-आण करणाऱ्या बाबूच्या जीपच्या टपावर सायकल बांधून घेऊन आला. "वहिनी, ही बॅटरीची. पेडल तूच मारायचं, ही पाठनं ढकलणार. महिनाभर चालवून बघ. पटली तर ठेव, न्हाईतर मी घेऊन जातो."

अंगणात अर्धं गाव जमलं. जीपवाला बाबू सायकलीभोवती दोन चकरा मारून म्हणाला, "किरणअण्णा, एक सांग. बॅटरी हाय तर पेडल कशाला? आनी पेडल मारायचंच तर बॅटरी कशाला?"

किरण म्हणाला, "तुझी बायको भाकरी थापती. मग तू चावतोस कशाला?"

बाबू त्या दिवशी चहा न पिताच गेला.

०००

हँडलवर एक हिरवा दिवा, बॅटरी चालू असली की पेटणारा, आणि बाजूला बटण. तीन नंबर दाबला की जोरात ढकलते, एक नंबर दाबला की नुसता आधार देते. बॅटरी म्हणजे विटेएवढा डबा, कॅरिअरखाली बसायचा, आणि काढून घरात चार्जिंगला लावायचा. लाल धुळीनं खराब होऊ नये म्हणून मी खताच्या पिशवीची खोळ शिवून कॅरिअरखाली कायमची बांधली. वरून झाकलं की आत काय आहे ते ब्रह्मदेवालाही दिसू नये!

पहिल्या दिवशी रेणुका निघाली ती रस्ता सोडून त्या दिव्याकडंच बघत. हिरवा हाय ना? हाय. अजून हाय ना? हाय. तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा ती ओढ्यात होती.

कोपर खरचटलेलं. दवाखान्यातनं पट्टी घेऊन आली. मी म्हटलं, "दाखव, लावतो."

तिनं ती पट्टी दिव्यावर चिकटवली. "कोपर बरं हुईल आत्ती, नजर आधी बरी करायला पायजे."

ती पट्टी शेवटपर्यंत निघाली नाही.

०००

आमच्यात मोठं काही करायचं तर देवाला कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गावकरानं, म्हणजे गावच्या मानकऱ्यानं, गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. तर गावकर म्हणाला, असलं अनोळखी यंत्र देवाच्या हद्दीतनं रोज जाणार, विचारायला नको?

सकाळी सगळे देवळात. गावकरानं गाऱ्हाणं घातलं. पाकळी हलेना. पुन्हा घातलं. हलेना. पहाटेच्या दवानं दगड गार पडलेला, पाकळ्या जणू डिंकानं चिकटवलेल्या. गावकराचा आवाज बसायला आला.

रेणुकानं घड्याळ बघितलं, उठली, हात जोडले आणि म्हणाली, "देवा, तू सावकाश ठरव. माझी पोरं वाट बघत्यात."

आणि सायकलीवर टांग टाकून गेली! सगळे आ वासून बघत राहिले. ती पुलापलीकडं दिसेनाशी झाली, आणि टप् करून उजवी पाकळी पडली.

"देव हो म्हणाला!" गावकर ओरडला.

मी म्हटलं, "दुसरं काय म्हणंल बिचारा? ती गेली बी!"

०००

किरणची सायकल आवाज करत नाही. शहरात ही मोठी चांगली गोष्ट असेल, आमच्याकडं नाही. दुसऱ्या आठवड्यात रेणुकानं उताराला वळण घेतलं तर समोर गवा! दहा हातांवर. हा एवढा डोंगरासारखा. जीपचा आवाज त्याला लांबून कळतो, तो आपला बाजूला होतो. ही भुतासारखी आली.

"मग काय केलंस?" मी विचारलं. माझ्या हातातली पळी थांबलेली.

"काय करणार? त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं बघितलं. मग तोच वळून गेला. आत्ती, त्यानं बॅटरीची सायकल पयल्यांदाच बघितली असणार."

मी त्याच दिवशी आमच्या जुन्या बैलाच्या गळ्यातली घंटा काढून सायकलीला बांधली. गव्याला आधीच कळू दे, कोण येतंय.

तेव्हा शेतात भात पिकायला आलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घाटाखालच्या तीन घरांतली माणसं काठ्या घेऊन बाहेर! "हो! हाड! हाड!" शेतात ढोर शिरलं म्हणून. एक म्हातारा तर अर्धी दाढी करून आलेला.

"कुणाचं ढोर सुटलंय गे?"

रेणुका न थांबता म्हणाली, "आमच्या आत्तीचं!"

०००

पण त्या घंटेचा मला फायदा झाला. ओसरीवर बसून मला सून कुठं पोहोचली ते कळायचं. सकाळी रानात आवाज लांबवर येतो. सायकल चालवत असली की घंटा एकसारखी वाजते, किणकिणकिण. उतरून ढकलायला लागली की पावलागणिक वाजते, टण... टण... टण. मोठ्या वळणावर रोज टण... टण व्हायचं. बॅटरी तीन नंबरवर असूनही! मग मी सुपारी कातरताना थांबायची.

बाबूची जीप नेमकी त्याच वेळी तिथनं जायची. तो खिडकीतनं डोकं काढून रोज विचारायचा, "वहिनी, ढकलू काय?" आणि जीपभर हसू.

तिसऱ्या आठवड्यात घंटा वळणावर बदलायची बंद झाली. आणि एका सकाळी त्याच वळणावर बाबूची जीप बंद पडली. चौदा माणसं आत, दोन टपावर, तीन कोंबड्या. बाबू बॉनेटमध्ये डोकं घालून उभा. मागनं किणकिणकिण आली. रेणुका बसल्या जागेवरनं पाय मारत, घामेजलेली, पण तोंड मिटलेलं. जवळनं जाताना तिनं विचारलं,

"बाबू, ढकलू काय?"

असं म्हणतात की कोंबड्यासुद्धा हसल्या.

०००

गावात कुणी म्हणायचं, ढकलणारी बॅटरी असल्यावर अंगाला काय व्यायाम होणार, नुसती हौस! डॉक्टरनं तिला काट्यावर उभं केलं, तर वजन दोनच किलो उतरलेलं. ती हिरमुसून घरी आली.

मी डॉक्टरचा काटा मानत नाही. माझा काटा निराळा. आमच्या विहिरीपासून घरापर्यंत चढ आहे. आजारी पडायच्या आधी रेणुका भरलेली घागर कुठंही न टेकवता आणायची. आजारातनं उठल्यावर चार वेळा टेकवायची. आंब्याखाली, गोठ्यापाशी, तुळशीपाशी, पायरीवर. सायकल आल्यावर पहिल्यांदा पायरी सुटली. मग तुळस. मग गोठा. ती हिरमुसून आली त्या दिवशी मी तिला म्हटलं, "घागर घेऊन ये, आनी आंब्याखाली काय करतीस ते आठवून सांग."

ती घागर घेऊन आली, चुलीपाशी ठेवली आणि उभी राहिली.

"आंब्याखाली काय केलंस?"

"काय न्हाई. कैरी लागलीय काय बघितलं."

कार्तिकात कैरी! पण मी जिथं बघायचं तिथं बघितलं होतं. घागरीला खालून माती लागली नव्हती.

०००

एक माझा स्वतःचा. आमच्याकडं लाईट जाते. झाड पडलं तर दोन दिवस येत नाही. धरण आमच्या उशाला, वीज लांब लांब जाते, आणि आम्ही कंदील पुसत बसतो. बॅटरी भरेना म्हणून रेणुका चिडली होती, तेवढ्यात लाईट आली. डब्यावरचा लाल ठिपका पेटला.

नातीनं विचारलं, "आज्जी, करंट कुठनं येतो?"

म्हटलं, "धरणातनं."

"आनी धरणात काय हाय?"

माझं माहेर आहे. घर, चिंच, देऊळ, माझ्या आईची भात कांडायची वायनं, सगळं त्या पाण्याखाली गेलं. भाऊ उठून रामनगरला गेला. मी हे नातीला सांगितलं. ती थोडा वेळ डब्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे घाटात आईला तुझं माहेर ढकलतंय?"

त्या दिवसापासनं मी त्या डब्याला देवाच्या कोनाड्याखाली जागा दिली. पाटावर ठेवायचा, आणि ओल लागू नये म्हणून वर माझं जुनं लुगडं घडी करून पांघरायचं.

०००

आता शेवटचा.

महिन्याचा शेवटचा दिवस. वाडीत तपासणीला मोठ्या मॅडम येणार, आणि त्याच दिवशी किरण सायकलीचा निकाल घ्यायला येणार. रेणुकाची सकाळपासनं धांदल. पोरांचं वजन लिहिलेली वही घेतली, तक्ते घेतले, नवं लुगडं नेसली, गेली. जाताना म्हणाली, "आत्ती, सायकलीचं संध्याकाळी सांगतो. माझं मन अजून दोन्हीकडं हाय."

ती गेली आणि पाच मिनिटांत किरण बाबूच्या जीपनं आला. हातपाय धुऊन आत देवाला नमस्कार करायला वाकला, तो वाकलेलाच राहिला.

"आत्ती, हे लुगड्याखाली काय हाय?"

मी धावत गेले. घडीखाली डबा! भरलेला, पाटावर, जागच्या जागी. रिकामी खोळ घेऊन बया गेली होती! दिव्यावर तिची पट्टी, डब्यावर माझं लुगडं, खोळ माझ्या हातची शिवलेली, तिला कळणार कसं! आम्हा सासू-सुनेचाच पराक्रम!

"एवढी जड सायकल हाय ती," किरण कपाळाला हात लावून म्हणाला. "बॅटरीबिगर घाटात गडीमाणूस बी उतरून ढकलतोय. हिला उशीर हुणार, आनी आज मॅडम!"

तो डबा उचलून बाबूच्या जीपमागं पळायला निघाला. मी म्हटलं, "थांब. ऐक."

आम्ही दोघं ओसरीवर उभे राहिलो. लांबनं घंटा येत होती. किणकिणकिण. ओढा गेला. खालची तीन घरं गेली. चढ लागला. किरण श्वास धरून उभा. मी खांबाला धरून. मोठं वळण आलं. घंटा जरा सावकाश झाली. किण... किण... मी डोळे मिटले. सावकाश झाली, पण टण झाली नाही. मग हळूहळू माथ्यावर गेली, आणि पलीकडच्या उताराला लागून विरून गेली.

किरण खाली बसला. मीही बसले. 

संध्याकाळी ती आली. तोंड असं उजळलेलं! मॅडम येण्याआधी अर्धा तास पोहोचली होती. पोरांनी गाणी म्हटली. मॅडम म्हणाल्या, "दुसरी बाई कशाला बघायची?" सगळं उभ्या उभ्या सांगून झालं. मग पदरानं मान पुसत म्हणाली,

"आज वाऱ्यानं लई अडवलं गे आत्ती. वळणावर जरा जड गेलं."

मी चहा गाळला. किरणनं बशीत ओतला आणि खाली मान घालून विचारलं, "मग वहिनी, सायकलीचं काय ठरलं?"

"राहू दे," रेणुका म्हणाली. "आज घाट चढताना ठरवलं. खरं सांगू काय किरणभावजी, बॅटरीबिगर ह्यो घाट माझ्यानं जन्मात चढायचा न्हाई!"

किरणनं बशी तोंडाला लावली. चहा कधीच संपला होता, पण त्यानं बशी खाली केलीच नाही!